कथेच्या शेवटी भाषण कशाला?



जयंतीच्या निमित्तानं वस्त्यांमध्ये कथालेखनाच्या स्पर्धा होतात आणि त्यांचे कागद तपासायला गेली काही वर्षं माझ्याकडे येतात. कथा वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या असतात, पण बहुतेकींचा शेवट एकच. गावात अन्याय होतो. नायक पेटून उठतो. चावडीसमोर उभा राहून पानभर बोलतो. त्या बोलण्यात मनुस्मृती येते, संविधान येतं, ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ येतं. मग सगळं गाव माना खाली घालतं आणि कथा संपते.

त्या भाषणातलं एकही वाक्य खोटं नसतं. तरी कथा कागदावर मेलेली असते. खोटं असतं ते गावाचं मान खाली घालणं. कोणत्या गावानं भाषण ऐकून मान खाली घातली आहे? आपण सगळे वस्तीत वाढलोय, हे आपल्याला ठाऊक आहे. मग कथा लिहायला बसल्यावर हे ठाऊक असलेलं कुठं जातं?

हे बोलून दाखवलं की ठरलेलं उत्तर मिळतं. “ताई, आशय महत्त्वाचा. शिल्प, घाट, शैली हे सगळं ब्राह्मणी सौंदर्यशास्त्र. आपल्याला ते नको.”

हा लेख त्या उत्तराच्या विरोधात आहे.

आधी त्या उत्तराची बाजू मांडते, कारण ते हवेतून आलेलं नाही. दलित साहित्य उभं राहत होतं तेव्हा प्रस्थापित समीक्षक त्याला प्रचारकी, आक्रस्ताळं, कलाहीन म्हणत होते. रसिकांच्या आनंदासाठी तयार केलेल्या मापानं अपमानाचं लेखन मोजायचं, हा अन्यायच होता. त्या मापालाच नकार देणं गरजेचं होतं आणि आपल्या लेखकांनी तो दिला. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या नावाचं पुस्तकच लिहिलं. पण वाद मापाचा होता. मेहनत करू नका, असं त्यातल्या कुणीही म्हटलं नव्हतं. त्यांचा नकार आपण आपल्या आळसाला ढाल म्हणून वापरतोय.

ज्यांच्या नावानं आपण हे बोलतो त्या बाबूराव बागुलांचंच बघा. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालचा. त्यातल्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. घरातली माणसं त्याला मान देतात, त्याच्या बोलण्यावर खूष असतात. वाचकाला खरं काय ते माहीत असतं, घरच्यांना नसतं. त्यामुळे घरातला प्रत्येक साधा प्रश्न, प्रत्येक प्रेमाचा शब्द सुरीसारखा टोचत जातो. आज ना उद्या हे फुटणार, या भीतीनंच आपण पान उलटतो. हे आपोआप झालेलं नाही. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, हे लेखकानं ठरवलंय. त्याच कथेत काशिनाथ आहे. त्याच जातीचा, पण जात न लपवणारा, अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेणारा. एक लपवतो, दुसरा ओरडून सांगतो, आणि दोघांना समोरासमोर ठेवल्यावर लेखकाला वेगळं भाष्य करायची गरज उरत नाही. हे शिल्प नाही तर काय आहे?

म्हणजे पहिली गोष्ट ही. लिहायच्या आधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: या कथेत कुणाला काय माहीत नाही? तुमच्या कथेत सगळ्यांना सगळं पहिल्या पानापासून माहीत असेल तर तिला पुढं सरकायला कारणच नाही. मग लेखक तिला घोषणांनी ढकलत नेतो.

अण्णा भाऊ साठे तर शाळेत जेमतेम गेलेले. मुंबईत गिरणीत राबलेले, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिलेले. त्यांना कोणत्या पीठानं कथेचा घाट शिकवला? ‘स्मशानातलं सोनं’ या कथेतला भीमा दगडाची खाण बंद पडल्यामुळं बेकार होतो आणि प्रेतांच्या अंगावर राहिलेलं किडूकमिडूक सोनं शोधायला मसणवटीत जायला लागतो. शेवटी प्रेताच्या दातांत त्याची बोटं अडकतात, आणि ती बोटं कायमची जातात. ज्या दिवशी ती जातात, त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडायला हात लागतात. बास. भांडवलशाही, बेकारी, शोषण यांवर व्याख्यान नाही. अण्णा भाऊ कम्युनिस्ट चळवळीतले शाहीर होते, भाषण करायचं असतं तर त्यांच्याइतकं कुणाला जमलं असतं? त्यांनी ते पोवाड्यात आणि लोकनाट्यात केलं. कथेत त्यांनी खाण उघडली.

आपल्या कथेतलं भाषण कापायचा एक साधा उपाय मी आमच्या वाचनगटात वापरते. कथा पूर्ण झाली की शेवटचा परिच्छेद हातानं झाकायचा आणि वाचायची. दहापैकी आठ वेळा कथा तिथंच संपलेली असते. उरलेल्या दोन वेळा अजून एक परिच्छेद झाकावा लागतो. मुलांना हे जिवावर येतं, कारण तो परिच्छेद त्यांनी सगळ्यात मनापासून लिहिलेला असतो. त्यांना मी सांगते, फेकू नका. वेगळ्या वहीत ठेवा. तो चांगल्या लेखाची सुरुवात असू शकतो.

आणि हो, लेख आणि कथा यांत उच्चनीच नाही. मी स्वतः लेखच लिहिते. पण लेखाला जे काम येतं ते कथेला येत नाही.

आता मी माझ्या कामातलं सांगते. अत्याचाराच्या प्रकरणात पीडित कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात बसणं हा माझ्या कामाचा भाग आहे. फिर्यादीत काय यावं लागतं, हे त्यामुळं पाठ झालंय. तारीख, वेळ, ठिकाण, कोण कोण हजर होतं, जातीवरून नेमके कोणते शब्द वापरले, ते चारचौघांसमोर वापरले का. १९८९ च्या कायद्यात हे सगळं मोलाचं आहे आणि एखादा तपशील सुटला तर आरोपीचा वकील त्याचाच फायदा घेतो. आपले तरुण कथा लिहितात तेव्हा नकळत हीच फिर्याद लिहितात. घटना, शिवी, मारहाण, साक्षीदार, न्यायाची मागणी. पण फिर्याद जिथं थांबते तिथून कथा सुरू होते. फिर्याद देऊन घरी आल्यावर चूल कुणी पेटवली? दुसऱ्या दिवशी दूध घालणारा आला का? आपल्याच वस्तीतला जो साक्षीदार पुढं कोर्टात फिरला, तो त्या रात्री कसा जेवला? तो फिरला कारण त्याची उचल त्याच मुकादमाकडं आहे ज्याचा मालक आरोपी आहे, आणि पोरीचं लग्न तोंडावर आहे. त्याला ‘गद्दार’ म्हणून दोन ओळींत निकालात काढणं कार्यकर्त्याला परवडेल. कथाकाराला नाही परवडत. जात माणसाला आतून कशी मोडते हे त्या फितूर साक्षीदाराइतकं कुणाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही.

आता समोरच्या बाजूची माणसं. आपल्या कथांमधला पाटील अजून मिशीला पीळ देतो. हा पाटील आपल्या गावातला नाही, मराठी सिनेमातला आहे. आजचा माणूस “आम्ही नाही बाबा जात मानत” असं म्हणतो, चौदा एप्रिलला स्टेटसही ठेवतो, आणि मुलीनं वस्तीतल्या पोराशी लग्न करायचं म्हटल्यावर काय करतो ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. मिशीवाल्या पाटलाला ओळखणं सोपं असतं. त्याच्यावर लिहिलेली कथा वाचून कुणाही सवर्ण वाचकाला आरामात म्हणता येतं, मी काही असा नाही. त्याला पळायला वाट आपणच ठेवली.

एक नमुना देते. खोली भाड्यानं बघायला गेलेल्या मायलेकींचा प्रसंग स्पर्धेतल्या कथांत नेहमी येतो. साधारण असा: “घरमालकिणीच्या चेहऱ्यावर जातीयवादी तिरस्कार उमटला. ती म्हणाली, तुम्ही खालच्या जातीचे, तुम्हाला आमच्या घरात जागा नाही.” शहरात असं कुणी म्हणत नाही. म्हणत असतं तर गुन्हा तरी दाखल करता आला असता. आता हे बघा.

“आडनाव काय म्हणालात?”

“कांबळे.”

“हो का. छान. आत्ताच ह्यांना विचारते हं.” ती आत गेली. पाण्याचा ट्रे घेऊन सून दारापर्यंत आली होती, ती तिच्या मागोमाग आत वळली. बाहेर आली ती एकटीच. “अहो, माझ्या लक्षातच नव्हतं, ह्यांच्या भाच्यानं शब्द टाकून ठेवलाय.” किल्लीचा जुडगा तिनं पदराच्या टोकाला बांधला. आईनं नवी साडी सावरली आणि म्हणाली, “चालायचंच. घर छान ठेवलंय तुम्ही.”

यात तिरस्कार हा शब्द नाही. पाणी आत गेलं, एवढंच आहे. आणि आई जे शेवटचं बोलते त्याचा राग वाचकाला दोघींपैकी नेमका कुणाचा येतो, ते त्याचं त्यानं ठरवावं. तुम्ही यापेक्षा चांगलं लिहाल, मी कथाकार नाही. पण पद्धत कळावी म्हणून लिहिलं.

हे आपल्याला कुणी परक्यानं शिकवायला नको. बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ उघडा. ते आठवणींचं लेखन आहे, कथा नव्हे, पण प्रसंग कसा लिहावा हे त्याच्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडं सापडलेलं नाही. लहानपणी वडिलांकडे जायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. बाबासाहेब आधी काय सांगतात? मुलांचे कपडे. नवे सदरे, चमकत्या टोप्या, रेशमी काठाची धोतरं. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करतो. मुलं भाबडेपणानं जात सांगतात. मग त्याचा चेहरा बदलतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. मुलं तिथंच उभी राहतात. पुढं गाडीवाला दुप्पट भाडं घेऊन गाडी देतो, पण हाकायची मुलांनीच. सोबत जेवणाचा डबा आहे आणि प्यायला पाणी नाही, म्हणून भुकेल्या पोटानं रात्र काढायची. ज्या माणसाकडं जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या होत्या, ज्याला अस्पृश्यतेवर पाचशे पानं लिहिता येत होती, त्यानं इथं सदरे, टोप्या आणि भाड्याचा हिशेब लिहिला. कपडे आधी का सांगितले? कारण नव्या कपड्यातल्या मुलाचा अपमान जास्त खोल लागतो, आणि कारण त्या कपड्यांमुळंच तर मास्तर आधी गोड बोलला. विशेषणं मोजा त्या प्रसंगातली. मग आपल्या कथेतली ‘पाशवी’, ‘हृदयद्रावक’, ‘अमानुष’ मोजा.

तपशील गोळा करणं हे कष्टाचं काम आहे आणि ते टाळता येत नाही. ‘ऊसतोड मजूर’ एवढं लिहून भागत नाही. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, टोळी म्हणतात, उचल घेतली की हंगामभर पाय बांधले जातात. हे माहीत नसेल तर ज्यांना माहीत आहे त्यांच्याजवळ जाऊन बसा. जात पडताळणीच्या कार्यालयात आजोबांचा शाळेचा दाखला शोधत फिरणारा बाप लिहायचा असेल तर एकदा त्या रांगेत उभं राहा. आपल्यातले बरेच जण उभे राहिलेलेच आहेत, पण त्यांना वाटतं हे काय कथेत लिहायचं. हेच लिहायचं.

भाषेबद्दल थोडं. बोली वापरा म्हटलं की सगळ्या महाराष्ट्राची पात्रं ‘आमास्नी-तुमास्नी’ बोलायला लागतात. नागपूरकडची आजी ‘कायले’ म्हणेल, मराठवाड्यातली ‘कामून’ म्हणेल, रत्नागिरीकडची तिसरंच काही. आपल्या आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि कानाला लावून लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणूस भाषा कुठं बदलतो ते पकडा. ऑफिसात दिवसभर काळजीपूर्वक ‘पाणी’ म्हणणारा पोरगा घरी आल्यावर ‘पानी दे’ म्हणतो. आणि एखाद्या दिवशी ऑफिसात चुकून ‘पानी’ निघतं तोंडातून. त्या एका अक्षरावर अख्खी कथा उभी राहील.

आता आपल्या मुलांना अवघड जाणारं बोलते. तुमच्या कथेतल्या बाया. त्या एकतर अत्याचाराला बळी पडतात, नाहीतर रमाईसारखं शेण थापून नवऱ्याला शिकवतात. रमाईंबद्दलचा आदर माझ्या मनात तुमच्याइतकाच आहे, पण रमाई एक हाडामांसाची बाई होती, तिच्या झेरॉक्स काढणं हा तिचाही अपमान आहे. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये गावाचा जाच लिहिला, आणि आपल्याच घरातला सुनांचा छळही लिहिला. ऊर्मिला पवार यांच्या ‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) या संग्रहांतल्या बाया हिशेबी आहेत, हसतात, चिडतात. आणि तरीही दरवेळी मला ऐकावं लागतं की घरातलं धुणं चव्हाट्यावर आणू नका, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. विरोधकांना कोलीत लागत नाही, त्यांच्याकडं वणवा आहे. विहारात पुढच्या रांगेत बसून वंदना घेणारा आणि घरी बायकोवर हात टाकणारा कार्यकर्ता तुम्ही पाहिलेला असेल तर लिहा. बौद्ध झालो म्हणून पोटजात विसरलो का, मातंग घरातली सून आपल्या घरात चालते का, तेही लिहा. आपली माणसं देव नाहीत, हे बाविसाव्या शतकात कुणीतरी शोधून काढण्यापेक्षा आपणच लिहिलेलं बरं.

दुसऱ्या बाजूला वेगळाच बाजार आहे. आमच्या वाचनगटातल्या एका मुलीनं एका नावाजलेल्या दिवाळी अंकाला कथा पाठवली. संपादकांचा फोन आला: कथा उत्तम आहे, जातीचे दोन उल्लेख काढलेत तर ती ‘वैश्विक’ होईल. त्याच अंकातल्या बाकीच्या कथांमध्ये मुंज होती, चातुर्मास होता, गौरीचं सवाष्ण जेवण होतं. त्यांना कुणी वैश्विक व्हायला सांगितलं नव्हतं, त्या जन्मतःच वैश्विक. मुलीनं कथा परत घेतली. माझ्या मते योग्य केलं. यातून लिहिण्याच्या कामाची एक गोष्ट निघते: आपलं जग समजावून सांगत बसू नका. ‘त्रिशरण म्हणजे बौद्ध धम्मातील...’ असं कंसात कशाला? सवाष्ण म्हणजे काय हे कुणी आपल्याला कंसात सांगितलं होतं का? आपण वाचून वाचून शिकलो. टोनी मॉरिसन ही कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिका उघडपणे सांगायची की ती गोऱ्या वाचकाकडं बघून लिहीत नाही. तिला नोबेल मिळालं. पॅन्थर हे नाव आपण तिकडून घेतलं, ही ऐटही घ्यायला हरकत नाही.

आणि या बाजाराची सगळ्यात मोठी मागणी आहे आत्मकथनाची. ‘बलुतं’ १९७८ ला आलं आणि त्यानं मराठी वाचकाला हादरवलं, हे खरंच. पण त्यानंतर दलित लेखक म्हणजे आपलं दुःख पुराव्यासकट सादर करणारा माणूस, असं समीकरण होऊन बसलं. एक पुस्तक, त्यात सगळं आयुष्य, मग आयुष्यभर त्याच पुस्तकावरची व्याख्यानं. आपल्या पोरांनी कथा वाचून दाखवली की पहिला प्रश्न येतो, “हे तुमच्या बाबतीत घडलंय का?” सवर्ण लेखकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्याच्याकडं कल्पनाशक्ती आहे असं गृहीत असतं. आपल्याकडं फक्त अनुभव. हा भेदभाव ओळखा. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. बागुलांचा संग्रह १९६३ चा. आत्मकथनांच्या लाटेच्या कितीतरी आधी आपल्या लेखकांनी माणसं कल्पून उभी केली होती. तेव्हा ‘मी’ लिहा, पण तो ‘मी’ तुम्ही असण्याची सक्ती नाही. पासष्ट वर्षांची सफाई कामगार लिहा, आरक्षणावर टोमणे मारणारा वर्गमित्र त्याच्या डोक्यात शिरून लिहा. चोरीचा छडा लावणारी बौद्धवाड्यातली पोरगी लिहा. प्रेमकथा लिहा, ज्यात कुणी मारलं जात नाही. आपल्या पोरांना आपल्या वाटच्या प्रेमकथा सैराटवरच थांबलेल्या दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लोक मरत असताना तुम्ही स्वल्पविराम मोजता, असं एका सभेत मला म्हणाले. मोजते. ज्यांच्या बाजूनं वर्तमानपत्र आहे, अभ्यासक्रम आहे, पुरस्कार समिती आहे, त्यांची ढिली कथा खपते. आपली ढिली कथा वाचून वाचक हळहळतो आणि पान उलटतो. हळहळ ही आपल्याला कधीच हवी नव्हती.

करायचं काय, तर कच्चा खर्डा झाला की पंधरा दिवस कथेकडं बघू नका. मग रविवारी विहारात वंदनेनंतर चार माणसांना मोठ्यानं वाचून दाखवा. मित्रांना नको, ते टाळ्या वाजवतात. एखादी धुण्याभांड्याची कामं करणारी मावशी, एखादा रिक्षावाला काका बसवा. कुठं ते चुळबुळ करतात तिथं पेन्सिलीनं खूण करा, मतं विचारत बसू नका. मावशी म्हणाली की “असं नसतं गं”, तर वाद घालू नका, कसं असतं ते विचारा आणि लिहून घ्या. खुणा केलेल्या जागा पुन्हा लिहा. पुन्हा वाचा. तीन फेऱ्यांच्या आत कथा कुठंही पाठवू नका.

पाठवताना एक सांभाळा. ‘प्रातिनिधिक कथासंग्रहा’च्या नावाखाली नवोदितांकडून पैसे घेऊन कथा छापणारे फार झालेत, आणि त्यातले काही निळा झेंडा लावूनच येतात. लेखकानं पैसे द्यायचे नसतात. मानधन किती, अंक किती मिळणार, पुढं कथा आपल्या संग्रहात घ्यायचा हक्क कुणाकडं राहणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर कथा आपल्याकडंच ठेवा.